काकू, तुम्ही ते स्तोत्र तिथेच थांबवलंत

प्रिय काकू,

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही हात झटकून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

धाकटा भाऊ गेला त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. येणारा प्रत्येक जण 'देवाची इच्छा' म्हणायचा आणि मी आणखी मिटत जायचो. ज्या देवाची ही इच्छा, त्याच्याशी मला काही बोलायचं नव्हतं. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, पण ख्रिस्ती मी नावापुरताच होतो. तेव्हा तेवढाही उरलो नव्हतो.

तुम्ही आलात आणि नुसत्या बसून राहिलात. बायबलमधल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसले होते, हे मी पुढे वाचलं. ते बोलायला लागले आणि तिथून सगळं बिघडलं. तुम्ही बोलण्याची घाई कधीच केली नाहीत.

मग एका संध्याकाळी तुम्ही पवित्र शास्त्र उघडून ८८वं स्तोत्र वाचलंत. देवाला रात्रंदिवस हाक मारणारा, आणि तू तोंड का लपवतोस असं त्यालाच विचारणारा माणूस. तुम्ही थांबलात. मी विचारलं, "पुढे?" तुम्ही म्हणालात, "पुढे नाही. इथंच संपतं."

विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे येता येता कुठेतरी देवावरच्या भरवशाकडे वळतात. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. आणि तरीही दीडशे स्तोत्रांतून ते कुणी काढून टाकलं नाही. काकू, त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडणच होतं. पण भांडायला समोर कुणीतरी होतं.

डॉक्टरांकडे जा म्हणणाऱ्याही तुम्हीच. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं मला वाटत होतं. तुम्ही एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितलीत. झुडपाखाली पडून तो मरण मागत होता, आणि देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाच्या डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. मी औषधं सुरू केली. झोप हळूहळू परतली.

विश्वास कुठल्या दिवशी आला ते मला सांगता येणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात मी बरेच दिवस अडकून होतो. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक आहे, तरी त्याच्या बहिणीला रडताना पाहून तो रडतो. भावासाठी रडणाऱ्यांत मिसळून रडणारा हा देव मला कुणी दाखवलाच नव्हता. आणि पुढे, मेलेल्यांतून उठल्यावरही त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेतच. तो ते थोमा या शिष्याला दाखवतो. माझी आशा त्या व्रणांपाशी आहे. भावाची आठवण आली की आजही छातीत कळ येते, आणि तरी मी त्याला पुन्हा भेटणार आहे असं मानतो, मनापासून.

गेल्या महिन्यापासून मी एका घरी जाऊन बसतो. तिथला मुलगा गेला आहे. धीराचे शब्द सारखे ओठांवर येतात आणि गिळावे लागतात. माझ्याजवळ बसून तुम्ही किती काय गिळलं असेल, ते आता कळतं आहे. त्याबद्दल, काकू, तुमचे मनापासून आभार.

तुमचाच