दगडाला पाणी लावू नका, वहिनी

तोरिनो (इटली), ८ जून

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार,

तुमचा फोटो मिळाला. विजेच्या पिझ्झा ओव्हनमधला दगड काळाकुट्ट, मधोमध चीजचा करपलेला चट्टा, आणि खाली प्रश्न: "भाऊजी, आई म्हणत्यात राखेनं खसाखसा घासून धुऊया आणि उन्हात टाकूया. टाकू का?" नका टाकू. फोनवरच सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोन एका हातात टिकत नाही. निम्मं आई ऐकते, निम्मं दादा, आणि प्रत्यक्ष ओव्हनपाशी उभ्या असलेल्या तुमच्यापर्यंत भलतंच काहीतरी पोचतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

पिझ्झाच्या दगडावर डाग पडायचेच. ज्याचा दगड अजून पांढराशुभ्र आहे त्यानं ओव्हन खोक्यातून काढलेलाच नाही, असं मी समजतो. हा दगड कॉर्डिएराइट नावाच्या खनिजाचा, भट्टीत भाजून तयार केलेला. तापला तरी तो फारसा प्रसरण पावत नाही, म्हणून चिनी मातीची भांडी भाजायच्या भट्टीतल्या फळ्याही त्याच्याच करतात. पण त्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. पाणी, तेल, साबण, जे मिळेल ते तो पितो. साबण प्यायला की पुढच्या पिझ्झाला तो वास लागतो. पाणी प्यायला तर त्याहून वाईट, कारण पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. दगडाच्या पोटात ती मिळत नाही आणि मग चीर जाते. आईला एवढंच सांगा की भाकरीच्या तव्याला ती जशी कुणाला साबण लावू देत नाही, तसंच हे समजायचं. लगेच पटेल.

मग साफ कसा करायचा, तर आचेनंच. पिझ्झा झाले की ओव्हन लगेच बंद करू नका. झाकण लावून मोठ्या आचेवर अर्धा तास तसाच राहू द्या. आपला ओव्हन ४०० अंशांपर्यंत जातो. तेवढ्या उष्णतेत सांडलेलं पीठ, चीज, कांद्याचे तुकडे जळून त्यांची राख होते. महागड्या ओव्हनमध्ये 'सेल्फ क्लीनिंग' म्हणून जे बटण असतं, त्यातही ४५० अंशांच्या पुढं नेऊन हेच करतात. धूर होणार, तेव्हा आधी खिडकी उघडा आणि एक्झॉस्ट फॅन लावा. नंतर प्लग काढून ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. घाई करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळीच हात लावा, कारण वरून गार वाटला तरी दगड आतून बराच वेळ गरम असतो.

गार झाल्यावर लाकडी उलथन्यानं खपल्या खरवडायच्या, नारळाच्या काथ्याच्या कोऱ्या ब्रशनं राख झाडायची आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. झालं. चट्टे राहतील, ते राहू द्या. तारेची घासणी मात्र नको. तिची एखादी तार तुटून दगडाला चिकटते आणि पुढच्या घासात तोंडात येते. आमच्या गल्लीतला पिझ्झावाला रोज रात्री भट्टीची फरशी झाडतो ती पितळी तारांच्या लांब दांड्याच्या ब्रशनं. पण दर दोन-चार झाडण्यांनंतर ब्रश उलटा धरून, चष्मा कपाळावर सरकवून, तारा बोटानं चाचपून बघतो. एवढी सवय आपल्याला नाही, तेव्हा काथ्याच बरा.

खरी घाण दगडावर नसते, दगडाखाली असते. दोन्ही हातांनी दगड अलगद उचला. खालच्या ताटात जळका रवा, पीठ, तेलाचे ओघळ सापडतील. मुंग्या आणि झुरळं येतात ती तिथं. ते ताट ओलसर फडक्यानं पुसून कोरडं करा. आई झुरळांचा खडू घेऊन मागं लागते, तो ओव्हनच्या आत काय, आसपासही ओढू देऊ नका. झाकणातल्या वरच्या कॉइलवर काही फवारायचं नाही आणि ती घासायचीही नाही. पिझ्झाचा फुगा तिला चिकटून करपला असेल तर पुढच्या तापण्यात आपोआप जळून जातो, मग मऊ ब्रशनं झटकला की झालं. बाहेरचा पत्रा साबणाच्या फडक्यानं पुसायला हरकत नाही, फडकं घट्ट पिळलेलं हवं. धुण्याचा सोडा मात्र ओव्हनपासून लांब, त्यानं ॲल्युमिनियम काळं पडतं.

आता मुद्द्याचं. तुमचा दगड इतका काळा का झाला ते फोटोतच दिसलं, कडेला लाल थेंब होते. तुम्ही पिझ्झावर कांदा-लसूण चटणी तेलात कालवून लावता. चवीला नाद खुळा असणार, त्यात शंका नाही! पण ते तेल कडेनं ओघळून दगडावर पडतं, दगड ते पितो, आणि ४०० अंशांवर मिरची जळाली की घरभर ठसका. बारक्या फोनवर का खोकत होता ते आता कळलं. चटणी पिझ्झा बाहेर काढल्यावर वरून लावा, किंवा आधी लावायचीच असेल तर चीजच्या खाली लावा. तांबड्या रश्श्यातलं चिकन घालताना तुकडे आधी निथळून घ्या. पनीरचं पाणी काढा. टोमॅटोचा सॉस आटवून घट्ट करा. ओली कणीक आणि पातळ सॉस, या दोन गोष्टींनीच पिझ्झा दगडाला चिकटतो, आणि फाटला की सगळं सारण दगडावर.

पिझ्झाखाली मैदा भुरभुरता, तो लगेच जळून कडू होतो. त्याऐवजी चिमूटभर बारीक रवा टाका, लक्ष्मीपुरीतून आणता तोच. त्यावर पिझ्झा सरकतोही छान. बटर पेपर या ओव्हनला चालत नाही. तो साधारण २२० अंशांपर्यंतचा, इथं पेट घेईल. दगडावर फॉइल पसरायची युक्ती कुणी सांगितली तर तीही ऐकू नका. दगड पिठातला ओलावा शोषतो म्हणूनच खालून पिझ्झा कुरकुरीत होतो. फॉइल घातली तर दगड घेतला कशाला?

तरीही आपल्याकडं तर्रीशिवाय भागणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावर या गावाकडंच उपाय आहे. नेपल्सच्या पिझ्झा करायच्या कलेला युनेस्कोनं २०१७ साली वारशाच्या यादीत घेतलं, तिकडचा पिझ्झा थेट फरशीवर ६० ते ९० सेकंदांत भाजतात. तोरिनोचे लोक मात्र आपल्या 'पिझ्झा अल पादेल्लीनो'ला धरून बसलेत. छोट्या गोल लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या ताटलीत तेल लावून जाड पीठ थापायचं, तिथंच फुगू द्यायचं आणि ताटलीसकट भट्टीत. खालची बाजू तेलात तळल्यासारखी खरपूस होते आणि काठाची पट्टी बघतच राहावं अशी. तुमच्या चटणीला हाच प्रकार शोभतो. तेल ताटलीत राहतं, दगडाला लागतच नाही. महाद्वार रोडला गेलात की काठ असलेली जाड ताटली बघा, मात्र झाकण बंद केल्यावर वरच्या कॉइलला टेकता कामा नये. नॉनस्टिक मुळीच घेऊ नका. २६० अंशांच्या पुढं त्याचा थर जळायला लागतो आणि त्याचा धूर वाईट. आच थोडी कमी ठेवा, वेळ जास्त लागेल.

पावसाळा तोंडावर आलाय. रंकाळ्याच्या बाजूला आपल्या घरात आषाढ-श्रावणात मीठसुद्धा पाझरतं, तर दगड ओलावा धरणारच. ओव्हन वापरणार नसाल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका. सुती कापडात गुंडाळा आणि कोरड्या कपाटात ठेवा. परत काढाल तेव्हा पहिल्यांदा अगदी मंद आचेवर अर्धा तास रिकामा तापवा, मगच आच वाढवा. गरम दगडावर गार पाणी किंवा फ्रीजमधून काढलेला घट्ट गोठलेला पिझ्झा कधीच नको.

दादा म्हणत होता, दगड फुटला तर कडाप्पा गोल कापून आणू. त्याला सांगा, कडाप्पा, ग्रॅनाइट, संगमरवर, काहीही नको. ओलावा धरलेली फरशी इतक्या आचेत तडकून उडते. नुसती बारीक चीर गेली असेल आणि दोन्ही भाग घट्ट बसत असतील, तर तोच दगड वापरत राहा. अगदीच तुकडे झाले तर व्यास आणि जाडी मोजून कळवा, मी इथून पाठवतो.

राहिली वीज. इथं आणि तिथं २३० व्होल्टच, म्हणून ओव्हन चालतो. पण त्याचा इटालियन प्लग तुम्ही ॲडॅप्टर लावून साध्या सॉकेटात घालता, त्यात अर्थिंग जोडलंच जात नाही. पत्र्याचा ओव्हन, त्यात ओला हात, मला ते मुळीच पसंत नाही. तो १२०० वॉटचा आहे, म्हणजे सव्वापाच अँपिअर खेचतो. ६ अँपिअरच्या सॉकेटला ते अगदी काठावर येतं. वायरमनला बोलावून तीन पिनांचा मोठा प्लग बसवून घ्या आणि १६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावा, अर्थिंग तपासून. एक्स्टेंशन बोर्ड नको. आमच्याकडं बहुतेक घरांना ३ किलोवॉटचंच कनेक्शन असतं, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की अंधार! त्यामुळं इथली पोरंसुद्धा हा हिशेब तोंडपाठ करतात. प्लगचं काम या आठवड्यातच करून घ्या, तोवर ओव्हन लावू नका.

आई-आप्पांना साष्टांग नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत ते वेगळं कळवा, ती मला खरं सांगत नाही. दादाला नमस्कार, बारक्याला गोड पापा.

तुमचा,
विनू