सूचना : रविवारी नाशिकची पांडवलेणी

मंडळी, या रविवारी क्वांटम गटाची चर्चा नाही, चढण आहे. सकाळी ६.३० ला फाळके स्मारकाच्या फाटकापाशी जमायचं. उशीर करणाऱ्यासाठी थांबणार नाही.

– घरच्यांना आणाच. मागच्या वेळी एका चिमुरडीनं विचारलं, "बाबा दिवसभर नाणीच उडवतात का?" बाबा अजून उत्तर शोधतायत.
– पाणी, टोपी आपापली. लॅपटॉप घरी.
– ३ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी लेख आहे, तिथे निवांत थांबू. दगडावर हात फिरवू नका.
– क्युबिटवरचे (क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक, जे एकाच वेळी ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेत असू शकतं) वाद खाली उतरल्यावर, मिसळ खाताना.

येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा. 'येतोही, नाहीही' ही अवस्था चालणार नाही. मिसळवाल्याला प्लेटा मोजून सांगायच्या आहेत.