क्लबसाठी विमान घ्यायचंय, तुझं मत हवंय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून हायसं वाटलं. जिने चढायची घाई करू नकोस, वहिनींचं ऐक.

आज एका वेगळ्याच कामासाठी लिहितोय. इथे अमेरिकेत आमच्या विद्यापीठातल्या मुलांनी फ्लाइंग क्लब काढलाय आणि सल्लागार म्हणून मला घेतलंय. आता त्यांना क्लबचं स्वतःचं विमान हवंय. पैसे बेताचे, उत्साह मात्र भरपूर. तुझी अख्खी नोकरी फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये गेली, पुष्पकपासून सेस्नापर्यंत सगळं तू उघडून बघितलंस. तुला विचारल्याशिवाय मी त्यांना 'घ्या' म्हणणार नाही.

मुलांचा जीव सेस्ना 172 वर. नवं घ्यायचं तर चार लाख डॉलरच्या पुढे, म्हणजे तो विषयच संपला. जुनं मिळेल, पण चार सीटांचं विमान घेऊन शिकवताना त्यात बसणार दोघंच. मग उरतात दोन सीटांची 150 आणि 152. सेस्नाने 1986 मध्ये लहान पिस्टन विमानं बनवणं थांबवलं. जुन्या विमानांवरून कंपन्यांवर होणाऱ्या खटल्यांना मर्यादा घालणाऱ्या 1994 च्या कायद्यानंतर 172 पुन्हा सुरू झालं, पण 152 काही परत आलं नाही. त्यामुळे सगळ्यात 'तरुण' 152 सुद्धा 1985 चं, आमच्या मुलांपेक्षा वीसेक वर्षांनी मोठं. तरी मला त्याची भीती वाटत नाही. आपल्याकडे जुनी बजाज स्कूटर कुठल्याही गावात दुरुस्त व्हायची, तसं इथे कुठल्याही विमानतळावरच्या मेकॅनिकचा हात 152 वर बसलेला असतो.

खरी अडचण वजनाची. 152 चं कमाल वजन 757 किलो. रिकामं विमान वजा केलं की माणसं, पेट्रोल आणि सामान मिळून साधारण 240 किलो उरतात. टाक्या भरल्या की त्यातले 67 गेले. गेल्या आठवड्यात मुलांना हँगरमधल्या काट्यावर जाकीट, बूट, हेडसेट, पाठीवरची बॅग, सगळ्यासकट उभं केलं. दोन मुलं शंभरीच्या वर आहेत आणि इन्स्ट्रक्टरही चांगला धिप्पाड आहे. त्या दोघांपैकी कुणालाही त्याच्याबरोबर उडायचं तर टाकी अर्ध्याहून कमी ठेवावी लागेल. आसपासच्या सरावाला ते चालतं, पण क्रॉस-कंट्रीला, म्हणजे लांबच्या उड्डाणाला, मधे उतरून पेट्रोल भरावं लागणार. त्यांनी स्वतः कागदावर हिशोब मांडला आणि निमूटपणे मान्य केला, याचं मला फार बरं वाटलं.

दुसरा पर्याय पायपर चेरोकी 140. दीडशे हॉर्सपॉवर, कमाल वजन 975 किलो, त्यामुळे धिप्पाड माणसांची चिंता मिटते. पण पेट्रोल ताशी आठ गॅलनच्या वर, 152 ला सहाच्या आसपास पुरतं. दार एकच, तेही उजवीकडे, आणि डावी-उजवी टाकी आठवणीने बदलत राहावी लागते. शिस्त लावायला ते चांगलंच म्हणा. पायपरच्याच दोन सीटांच्या टॉमाहॉकचंही नाव निघालं होतं, पण त्याच्या पंखांना 11,000 तासांची मर्यादा आहे आणि बाजारात येणारी बरीचशी विमानं त्या आकड्याकडे सरकलेली. ते मी बाजूला ठेवलं.

आता मुख्य मुद्दा. दोन 152 बघितली. पहिल्याचं इंजिन ओव्हरहॉल होऊन, म्हणजे पूर्ण खोलून नव्यासारखं करून, जेमतेम तीनशे तास झालेत, रंग चकचकीत. मुलं तिथेच हरखली. लॉगबुक उघडलं, तर वार्षिक तपासणीच्या नोंदी एकाखाली एक आणि दोन नोंदींमध्ये इंजिनचे तास मोजणारा टॅकोमीटर चार-पाच तासच पुढे सरकलेला. विमान वर्षानुवर्षं नुसतं उभं! तुला मी काय सांगायचं, या लायकमिंग इंजिनाचा व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला, इंजिन बंद राहिलं की तेल निथळून जातं आणि गंज धरतो. कंपनी स्वतःच म्हणते की तास भरले नसले तरी बाराव्या वर्षी ओव्हरहॉल करा. याला चौदा वर्षं झालीत.

दुसरं एका ट्रेनिंग स्कूलचं. रंग उडालेला, सीटा फाटलेल्या, इंजिनवर सतराशे तास. पण दर आठवड्याला उडतंय, दर पन्नास तासांनी तेल बदलल्याची नोंद आहे, सीटच्या रुळांची तपासणीही वेळच्या वेळी. मी याच्या बाजूने आहे. ओव्हरहॉलपर्यंतच्या 2400 तासांपैकी सातशे उरले, हे गृहीत धरूनच भाव करायचा. पुढे ओव्हरहॉलला तीस हजार डॉलर धरले, तर ताशी साडेबारा डॉलर इंजिनचे. पण सतराशे तासांचे पैसे फंडात नाहीत, म्हणून भावात जेवढी सूट मिळेल तेवढी थेट इंजिनच्या फंडात टाकायची आणि पहिल्या तासापासून भर घालत राहायची.

मुलांना आणखी एक गोष्ट पटवून दिली. हँगर, विमा, वार्षिक तपासणी, हा खर्च विमान उडो न उडो, लागतोच. समज वर्षाला बारा हजार झाला. शंभर तास उडवलं तर ताशी 120 डॉलर, तीनशे तास उडवलं तर 40. म्हणून आधी वीस-बावीस पक्के सभासद गोळा करा, मगच विमानाला हात लावा, असं मी बजावलंय. विमान घेऊन सभासद शोधायला निघालेले क्लब बुडताना मी पाहिलेत आणि यांचा क्लब टिकावा असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट तुझ्याकडून हवी. या दुसऱ्या विमानाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतात ते, तपासलं, तर तीन सिलिंडर 80 पैकी 74 च्या वर, चौथा 62. हवा एक्झॉस्टमधून फुसफुसतेय. इथला मेकॅनिक म्हणतो, थोडं उडवून पुन्हा तपासू. मला वाटतं तो सिलिंडर आत्ताच उतरवावा, म्हणजे व्हॉल्व्हही बघता येईल आणि त्याच जागेतून कॅमही दिसेल. विकणारा तयार आहे, पण मजुरी अर्धी-अर्धी म्हणतो. तू काय केलं असतंस? लॉगबुकचे फोटो वेगळे पाठवतो, सवडीने बघ. पंधरा तारखेच्या आत कळव, कारण नंतर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवणार आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना हॉस्टेलमित्र