ग्रंथी जास्त काढल्या म्हणून आयुष्य वाढत नाही

संपादक महोदय, स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचा लेख वाचला. ‘लसिका ग्रंथी जितक्या जास्त काढाल तितका रुग्ण सुरक्षित’ हे लेखकांनी कशाच्या आधारे लिहिले? (लसिका ग्रंथी म्हणजे शरीरातल्या छोट्या गाठी; कर्करोग त्यांत पसरू शकतो.)

ट्यूमरलगतच्या नेहमीच्या ग्रंथी काढायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण त्यापलीकडे, पार महाधमनीपर्यंत साफ करत जाण्याने काय मिळते, हे इटली, अमेरिका, जपान आणि कोरियात रुग्णांचे दोन गट करून तपासून झाले आहे. आयुष्य वाढले नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या 2002 च्या अहवालात तर गुंतागुंत 29 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलेली दिसते. हा प्रकार मुख्यतः जपानी सर्जनांनी रूढ केला होता. त्यांच्याच देशातल्या 2012 च्या चाचणीतही फायदा दिसला नाही.

माझ्या दादाचे व्हिपल (स्वादुपिंडाचे डोके आणि लगतचे भाग काढण्याचे ऑपरेशन) झाले तेव्हा सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “सगळं साफ केलंय.” आम्ही हात जोडले. आतड्याच्या मोठ्या धमनीभोवतीचे मज्जातंतूंचे जाळेही त्यात गेले, हे घरी आल्यावर जुलाब थांबेनात तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले. वहिनी भाताची पेज चमच्याने भरवायची. ती पोटात जाते न जाते तोच दादा भिंतीला धरून संडासाकडे निघायचा. रिक्षात बसायचीही त्याला धास्ती वाटे. वजन इतके उतरले की केमो पुढे ढकलावी लागली, आणि या आजारात ऑपरेशननंतरची केमो किती मोलाची असते! ऑपरेशनआधी या शक्यतेचा एका शब्दानेही कोणी उल्लेख केला नव्हता. लेखातही तो नाही, याचाच मला संताप आला.

त्यापेक्षा पॅथॉलॉजी रिपोर्ट कसा वाचायचा ते छापले असते तर घरोघरी उपयोग झाला असता. किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित, म्हणजे कर्करोग पोचलेल्या, निघाल्या, हे दोन्ही आकडे त्यात असतात. एक ते तीन बाधित असतील तर एक टप्पा, चार किंवा जास्त असतील तर पुढचा. निदान बारा तरी तपासायला हव्यात. चार-पाच तपासून ‘बाधित नाही’ म्हटले तर त्यावर विसंबता येत नाही.

आणखी एक. त्याच पानावर तळाला ‘कॅन्सर मुळापासून बरा’ अशी काढ्याची जाहिरात आहे. घाबरलेली माणसे असल्या नंबरांवर फोन करतात, आम्हीही केला होता. लेखाची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे छापा आणि ती जाहिरात बंद करा.

आपला नियमित वाचक,
सातारा