सर, त्या एका सेटसाठी थँक्यू

सर नमस्कार, मी तुम्हाला कदाचित आठवतही नसेन, लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, सहावा सेट मारत होतो तो मुलगा मी. तेव्हा मी आठवड्यातले सहा दिवस, रोज दोन-दोन तास जिममध्ये असायचो, तरी वर्षभर वजन तेवढंच, मांड्या तेवढ्याच, आणि गुडघे मात्र कायम दुखणारे. तुम्ही एवढे चॅम्पियन, स्वतःचा वर्कआउट सोडून जवळ आलात आणि विचारलंत, "यातला खरा सेट कुठला?" मला उत्तरच देता आलं नाही.

मग दोन हलके वॉर्मअप करून घेतलेत आणि एकच सेट लावलात. वजन खाली आणताना चार सेकंद, झटका नाही, वर गुडघे लॉक करायचे नाहीत. दहाव्या रेपला, म्हणजे दहाव्यांदा वजन ढकलल्यावर, मी म्हटलं संपलं, तर तुम्ही नुसतं "अजून" म्हणालात आणि खरंच अजून चार निघाल्या, पंधरावी अर्ध्यात अडकली तेव्हा तुम्ही हात लावलात. वर्षभर मी फक्त दमत होतो सर, मसलला पूर्ण जोर लावायची वेळ त्या चार रेप्समध्ये पहिल्यांदा आली.

नंतर बाकावर बसून बॉडीबिल्डर डोरियन येट्सचं सांगितलंत, 1992 ते 1997 सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगमधला सगळ्यात मोठा किताब, आणि ट्रेनिंग आठवड्याला चारच दिवस, वॉर्मअपनंतर बहुतेक एक्सरसाइजचा जीव तोडून एकच सेट! एरवी मला हे पटलं नसतं, पण पाय थरथरत होते त्यामुळे लगेच पटलं. येट्सला ट्रायसेप्स (दंडाच्या मागचा मसल) फाटल्यामुळे थांबावं लागलं हेही तुम्ही लपवलं नाहीत, स्पॉटर, म्हणजे वजन पकडायला जवळ उभं कोणी, नसेल तर बारखाली फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढची रेप निघणारच नाही इथपर्यंत, जायचं नाही आणि सांधा दुखला की तिथेच थांबायचं हे दोनदा बजावलंत. मला वाटतं नुसता जोश देणारे खूप भेटतात, हे सांगणारे कमी.

आता चार दिवस, पाऊण तास, आणि तुम्ही सांगितलेली वही. प्रत्येक सेटचं वजन आणि रेप्स लिहितो, आकडा दोनदा अडकला की एक दिवस जास्त सुट्टी घेतो, आधी सुट्टी घेतली की अपराधी वाटायचं ते गेलं. गुडघे शांत आहेत. त्या दिवशी माझ्यापायी तुमचा स्वतःचा वर्कआउट अर्धा राहिला होता सर, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं आणि तेव्हा थँक्यू म्हणायचं राहून गेलं. ते आज म्हणतोय, अगदी मनापासून.