वाफ्याभोवतीची काँक्रीटची कड

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्या वाफ्याभोवतीची कड तयार आणून बसवली की जागेवरच केली, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. ती जागेवरच केली. एका लहान यंत्रात कालवलेल्या काँक्रीटचा माल टाकत राहायचे. ते तो साच्यातून दाबून बाहेर काढते आणि त्याच्याच रेट्याने पुढे सरकते.

यंत्राचे काम दिवसभरात आटोपले, खरी मेहनत त्याआधीची होती. बागेची रबरी नळी जमिनीवर टाकून वळण ठरवले, मग त्या रेषेवर वीत-सव्वा वीत रुंद आणि सुमारे ५ सेंटिमीटर खोल पट्टा खणून गवत मुळांसकट काढले आणि माती धुम्मसाने ठोकून घट्ट केली. कारण खालची माती भुसभुशीत राहिली, तर वरची कड कितीही देखणी असली तरी पुढे खचतेच. माल तीन भाग वाळू, एक भाग सिमेंट, थोडे तंतू आणि रंगाची पूड असा, तोही कोरडसर. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी सुटता कामा नये.

माल ओला असतानाच त्यावर दगडी फरशीचा ठसा उमटवला आणि दर ६० ते ९० सेंटिमीटरवर थापीने आडवे काप दिले. सुकताना काँक्रीट आकसते आणि कुठेतरी तडकणारच. काप असला की ती तड तिथेच जाते आणि नजरेत भरत नाही. वळणावर मात्र नक्षी बिघडेल म्हणून मी एक काप गाळला. दोन आठवड्यांत नेमकी तिथेच, ठशातल्या सर्वांत सुरेख दगडावरून, केसाएवढी तड गेली! (आईला हे सांगितलेत तरी चालेल, ती म्हणणारच होती.)

दुसरी चूक उताराच्या बाजूची. तिथे पाण्याला वाट ठेवली नव्हती, त्यामुळे पहिल्याच पावसात वाफ्यात तळे साचले आणि शेवटी कडेच्या बुडाशी भोक पाडावे लागले. कड घातल्यावर मात्र पहिला आठवडाभर ती ओलसर ठेवली होती आणि ती पूर्ण सुकल्यावरच वर पारदर्शक लेप दिला.

तुम्हाला करायची झाल्यास नळी टाकून ती दोन दिवस तशीच राहू द्या. येता-जाता पाय अडखळला, तर वळण तेव्हाच बदलता येईल.

आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
धाकटा