शाळेच्या फाटकावर खाकी नको, शाळेची माणसं परत द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांना सप्रेम नमस्कार.

साहेब,

चोपडा तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतून मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. सातपुड्याच्या पायथ्याची शाळा. निम्मी पोरं गावातली, निम्मी वरच्या पाड्यांवरची, पावरा आणि भिल्ल. दहावी-बारावीच्या केंद्रांवर लागणारा पोलीस बंदोबस्त मी आतून पाहिलेला माणूस आहे. आता पोलीस परीक्षेपुरते राहिले नाहीत. शाळेत काही बिघडलं की पहिला फोन ठाण्याला जाऊ लागलाय, आणि ते मला बघवत नाही.

कॉपीबद्दल आधी बोलतो, म्हणजे गैरसमज नको. आमच्याकडे कॉपी चालते. कंपाउंडच्या भिंतीवर चढलेले भाऊ, खिडकीखाली उभे काका, चिठ्ठ्यांचे बोळे, सगळं खरं आहे. ती बंद झालीच पाहिजे. पण बैठं पथक, भरारी पथक, केंद्राभोवती जमावबंदी, झेरॉक्सची दुकानं बंद, वर ड्रोन, एवढं सगळं त्या दोन-तीन आठवड्यांत उभं राहतं आणि उरलेलं वर्ष त्याच शाळेत गणिताला शिक्षक नसतो. गणित न शिकवता गणिताची परीक्षा घेतली तर पोरं दुसरं काय करणार?

एका परीक्षेची सकाळ सांगतो. दहावीचा पहिला पेपर, मराठीचा. फाटकावर दोन हवालदार. त्यांनी काही वावगं केलं नव्हतं, हॉल तिकीट पाहून ते पोरांना आत सोडत होते. रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली आमच्या शाळेची एक पावरा मुलगी पॅड छातीशी धरून उभी. वेळ होत आली तरी रस्ता ओलांडेना. पाड्यावर खाकी येते ती वनजमिनीच्या वादात कुणाला तरी उचलायला, नाहीतर दारूच्या भट्ट्या फोडायला. तिच्या बापाला त्याच हिवाळ्यात नेलं होतं. ती कॉपीला घाबरत नव्हती, पेपरलाही नाही. आमचे शिपाई आप्पा रस्ता ओलांडून गेले, तिच्याशी पावरीत दोन शब्द बोलले आणि हाताला धरून तिला हवालदारांच्या मधून आत घेऊन आले. पेपर झाल्यावर तेच तिला एसटीत बसवून आले.

ते आप्पा म्हणजे शाळेचा खरा पहारा होते. कुणी अनोळखी पोरगं फाटकाशी घुटमळलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "तू कोना पोर्‍या शेस रे?" कुणाचा बाप पिऊन येतो, कुठली मुलगी दोन दिवस डबा आणत नाही, आठवीतल्या कुठल्या दोघांचं वाजलंय, हे मला कळायच्या आधी त्यांना ठाऊक असायचं. मारामारी व्हायच्या आत ते दोघांना पाण्याची टाकी धुवायला लावायचे.

11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली ही पदं मोडीत निघाली. माणूस निवृत्त झाला की पद संपलं, त्याजागी ग्रामीण शाळेला महिन्याला 5 हजार रुपये शिपाई भत्ता. साहेब, 5 हजारांत कोण येतं? कधी येतं, कधी नाही, दिवाळीनंतर तिसराच येतो. त्याला पोरांची नावं कळेपर्यंत तो ऊसतोडीला नाहीतर सुरतला गेलेला असतो.

बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण ऑगस्ट 2024 मध्ये घडलं आणि राज्यभर शाळांना सीसीटीव्ही लावण्याचे आदेश गेले. आरोपी कंत्राटावर घेतलेला सफाई कामगार होता, नुकताच लागलेला. आणि त्यातल्या एका चिमुरडीची आई तक्रार द्यायला गेली तेव्हा तिला ठाण्यात तासन् तास बसवून ठेवलं. म्हणजे चूक दोन ठिकाणी झाली. शाळेत कुणीही न पारखता माणूस आला आणि ठाण्यात पोलिसांनी त्यांचं काम केलं नाही. ही दोन्ही भोकं तशीच ठेवून पोलिसाला शाळेत आणून बसवलं तर त्या मुलीसारख्या मुलींना काय मिळणार आहे? मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेशाळेत सखी सावित्री समित्या स्थापन करायचा निर्णय मार्च 2022 चा. किती शाळांत त्यांचा फलक सोडून काही आहे, ते तुमच्या अधिकाऱ्यांना एकदा न कळवता जाऊन बघायला सांगा.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. बाल न्याय अधिनियम 2015 आणि त्याचे नियम सांगतात की किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा नसेल आणि तो मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला नसेल, तर मुलावर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नाही. मुलाला बेडी नाही, कोठडी नाही, आणि बोलायला येणारा पोलीस साध्या कपड्यांत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा जो पोक्सो कायदा, त्यातही मुलाचा जबाब घेताना गणवेश चालत नाही. कायद्याने मुलासमोरून खाकी बाजूला केली आणि आपण ती बाकापर्यंत आणतोय. मधल्या सुट्टीत सायकलीवरून दोन नववीतल्या पोरांचं भांडण झालं, कुणीतरी फोन केला, गाडी आली. दोघांना दुपारभर ठाण्याच्या बाकड्यावर बसवलं. गुन्हा नाही, नोंद नाही. पण त्यातला पाड्यावरचा पोरगा दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. गावातला आला. दोघांचं भांडण सारखंच होतं.

ही वाट अमेरिका आधीच चालून बसली आहे. तिथे 1950 च्या दशकात मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात शाळेत पोलीस ठेवायला सुरुवात झाली, 1999 च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर ते सगळीकडे पसरलं. त्यांच्याकडे बंदुकीची भीती खरी आहे, आपल्याकडे ती नाही. तरीही 2022 मध्ये टेक्सासच्या युवाल्डीत शाळेत बंदूकधारी शिरला तेव्हा 376 पोलीस जमले आणि वर्गात शिरायला 77 मिनिटं गेली. 19 मुलं आणि दोन शिक्षिका मेल्या. 2019 च्या एका अहवालात तिथल्या नागरी हक्क संघटनेने मोजलं की 17 लाख मुलं अशा शाळांत शिकतात जिथे पोलीस आहे, पण समुपदेशक नाही. आणि तिथे शाळेतून अटक होणाऱ्यांत काळ्या मुलांचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त. आपल्याकडे ती जागा कुणाच्या वाट्याला येईल, हे सायकलीच्या भांडणाने मला दाखवलंय.

जून 2025 मध्ये पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण आणि त्यासाठी माजी सैनिकांची मदत, असं जाहीर झालं. माजी सैनिकांविषयी मला आदर आहे, खानदेशातली कितीतरी गावं सैन्यात पोरं धाडतात. पण पहिलीतल्या पोराला अजून पाटीवर सरळ रेघ ओढता येत नाही. त्याला घरची अहिराणी किंवा पावरी समजणारी बाई आधी द्या.

दुसरीकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार आहे, नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचं उदाहरण पुढे केलं जातं. पाड्यावरची शाळा गेली की पोरं घर सोडून राहणार. सहा-सात वर्षांचं लेकरू रात्री तापलं तर उशाशी कोण बसेल, हे आधी ठरवा, मग इमारतीचं बघू. आश्रमशाळा तुमच्या खात्याखाली नाहीत हे मी जाणतो, पण तिथे अधीक्षिका आणि परिचारिकेविना काय होतं ते नंदुरबार जिल्ह्यात कुणालाही विचारा.

पोलिसांशी माझं वैर नाही. मुलींच्या सुरक्षेसाठीच्या पोलिसांच्या दामिनी पथकाची गाडी शाळा सुटायच्या वेळी एसटी स्टँडवर फिरते तेव्हा टपोऱ्यांना जरब बसते आणि मुली निर्धास्त घरी जातात. तिथे ती हवीच, अजून जास्त हवी. गुन्हा घडला तर ठाण्याने त्याच तासाला तक्रार घ्यावी, हेही हवं. फाटकाच्या आत मात्र शाळेची माणसं असावीत.

म्हणून मागणं एवढंच आहे. 2020 चा तो निर्णय मागे घ्या आणि शिपायाची पदं कायम पगारावर भरा. केंद्रप्रमुखाकडच्या शाळांच्या प्रत्येक गटामागे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा, आदिवासी भागात तो पावरी किंवा भिली बोलणारा असावा. गंभीर गुन्हा किंवा जिवाला धोका असल्याशिवाय मुख्याध्यापकाने पोलिसांना बोलावू नये, बोलावलंच तर पालक येईपर्यंत मुलाला शाळेबाहेर नेऊ नये, असा लेखी आदेश काढा. परीक्षा केंद्रावरचा बंदोबस्त फाटकापासून लांब, रस्त्यावर ठेवा, हॉल तिकीट शिक्षक तपासतील.

आणि पुढच्या बोर्डाच्या परीक्षेआधी एक आकडा जाहीर करा. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा आणि धडगाव, या पाच तालुक्यांत त्या निर्णयानंतर शिपायाची किती पदं गेली, आणि त्यांतल्या किती शाळांत आज रोज हजर राहणारा एक तरी माणूस आहे. शाळावार यादी हवी. माहिती तुमच्या खात्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
चोपडा तालुका, जि. जळगाव